बाणावरचा जुना गोंद आणि मुलांचे हात

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विजेती ठरली. वय अवघे १७. नागपूरचा ओजस देवतळे त्याच दिवशी पुरुषांत जगज्जेता झाला. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली तयार झालेले. अदितीचे वडील शिक्षक. मुलीच्या साहित्यासाठी त्यांनी कर्ज काढले होते. टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेलेला प्रवीण जाधव फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, शेतमजूर आईवडिलांचा मुलगा. या खेळात गुणवत्ता कुठल्याही घरात सापडते. अडते ते साहित्यापाशी.

सुरुवातीला बांबूचे धनुष्य आणि लाकडी बाण चालतात. पण मूल पुढे सरकले की कार्बनचे बाण लागतात, आणि स्पर्धेच्या दर्जाचा एकेक बाण हजारांच्या घरात जातो. म्हणून बहुतेक पालक मोठ्या खेळाडूंनी वापरून सोडलेले बाण घेतात. त्यात गैर काहीच नाही. मात्र अशा बाणांची पिसे फाटलेली असतात आणि शाफ्टवर जुन्या गोंदाचे थर असतात. पिसे म्हणजे शेपटीकडच्या त्या तीन प्लास्टिकच्या पाती. कंपाउंडचे लक्ष्य ५० मीटरवर असते आणि त्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ फक्त ८ सेंटीमीटरचे. गोंदाच्या खडबडीत थरावर पीस बसवले तर ते किंचित तिरके बसते, एका बाणाचे वजन दुसऱ्याशी जुळत नाही, आणि मुलगी बिचारी समजते की आपलाच हात हलतो आहे.

माझी भाची नौपाड्यात राहते, नववीत आहे. तिच्याकडे असेच सहा बाण आले. ते साफ करायला आम्ही दोघी गॅलरीत बसलो.

आधी मागचे नॉक, म्हणजे दोरीत अडकणारी प्लास्टिकची खाच, ओढून काढून ठेवायची. पुढे जे द्रव वापरायचे त्याने हे प्लास्टिक तडकते. मग जुने पीस सोलायचे. दाढीचे नवे ब्लेड हातात घेण्याचा मोह होतो, तो टाळा. कार्बनची शाफ्ट म्हणजे केसाहून बारीक तंतू राळेत बसवून केलेली नळी. धारदार पाते त्या तंतूंत रुतते. लोणी लावायची बोथट सुरी शाफ्टला जवळजवळ टेकवून धरा आणि लांबीच्या दिशेने पुढे सरकवा, आडवे खरवडू नका. फेवीक्विकच्या जातीचा गोंद ठिसूळ असतो, पापुद्र्यासारखा निघतो. दुतर्फी टेप असेल तर ती अंगठ्याने चोळून गोळा होते.

गॅसच्या ज्योतीवर बाण धरून गोंद मऊ करण्याची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. गोंदाबरोबर आतली राळही ढिली पडते आणि बाहेरून काही दिसत नाही. सॅंडपेपरही नको. त्याने तंतू झिजतात, शिवाय जी काळी धूळ उडते ती फुप्फुसात जाण्याजोगी नाही.

चिवट डाग उरले तर ॲसिटोन कापसावर घेऊन पुसायचे. बाण त्यात बुडवून ठेवायचा नाही. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असते खरे, पण अनेकांत तेलकट पदार्थही असतो, आणि त्याचा थर राहिला की नवा गोंद धरत नाही. म्हणून शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. नावाला दचकू नये. हे पिण्याचे मद्य नव्हे, सॅनिटायझरमध्येही असते. दोन्ही द्रव चटकन पेट घेतात, तेव्हा स्वयंपाकघरात हे काम नको. साफ झालेल्या जागेवर पाण्याचा हात फिरवा. पाणी सलग पसरले तर काम झाले. थेंब थेंब होऊन वेगळे राहिले तर अजून तेल आहे.

हातमोजे आवर्जून घाला. बोटाला चिकटलेल्या गोंदाखाली वुजूचे पाणी पोचत नाही, आणि अस्रची अजान झाल्यावर नखे खरवडत बसावे लागते.

पूर्वी हे सोपे असावे. तुर्की तिरंदाज माशाच्या फुग्यापासून केलेली सरस वापरत. आपल्याकडे घोळीच्या ज्या भोताला सोन्याचा भाव येतो, तसाच तो फुगा. ती सरस गरम पाण्याने सुटते. त्याच तुर्कस्तानच्या मेते गाझोझने टोकियोत सुवर्णपदक घेतले, पण त्याच्या बाणांवर अर्थातच माशाची सरस नव्हती.

खरे महत्त्वाचे काम गोंद निघाल्यावर असते, आणि घाईत तेच राहून जाते. गोंदाच्या थराखाली चीर लपलेली असू शकते. शाफ्ट उघडी झाली की उजेडात फिरवून बघा, पण नखाने चाचपू नका. तुटलेला तंतू कुसळासारखा बोटात शिरतो. मग डोळ्यांवर चष्मा लावून दोन्ही टोके धरा, बाण चेहऱ्यापासून दूर ठेवून कमानीसारखा थोडा वाकवा, आणि कान द्या. थोडा फिरवून पुन्हा वाकवा, असे चारही बाजूंनी. शेवटी दोन्ही दिशांना हलका पीळ द्या. जरा जरी करकर ऐकू आली तर तो बाण बाद. धनुष्यातून सुटताना चिरलेली कार्बन शाफ्ट फुटू शकते आणि तिचे अणकुचीदार तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. एका बाणाच्या पैशांसाठी ही जोखीम घेण्यात शहाणपण नाही, मग तो कितीही महाग असो. दर सरावाआधीही हीच तपासणी हवी. मुलांना ती स्वतः करायला शिकवा.

सहीह मुस्लिममध्ये उकबा बिन आमिर (रजि.) यांच्या रिवायतीत तिरंदाजी शिकून सोडून देण्याबद्दल नापसंती आहे. भाचीला ते ठाऊक होते, आणि सहावा बाण करकरला तेव्हा तिने तेच पुढे केले: "खाला, सोडायची नसते ना? मग हा एक जपून वापरते." मी म्हटले, "बेटा, तिरंदाजी सोडायची नाही. बाण सोडायचा."

तिने तो कापून कागदात गुंडाळला, वर लाल टेप लावली, म्हणजे कचरा उचलणाऱ्याच्या हातालाही लागू नये. नॉक मात्र शाबूत होते, ते ठेवून घेतले. उरलेल्या पाचांवर नवी पिसे चढली. स्पर्धेत एका फेरीचे सगळे बाण एकाच रंगाच्या पिसांचे आणि नॉकचे लागतात, त्यामुळे पाचही सारखेच केले. पावसाळी दमट हवेत हा गोंद फार पटकन धरतो आणि जास्त लावला तर पांढरी बुरशीसारखी साय येते, म्हणून प्रत्येक पिसाला बारीक रेघच ओढली. सहाव्या बाणासाठी ती ईदीतून पैसे बाजूला काढते आहे.