खोकं तोट्यात, नाका नफ्यात

२०२१ साली कॅलिफोर्नियात एपिक गेम्स विरुद्ध ॲपल हा खटला रंगला होता. साक्षीला आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या लॉरी राइट यांना प्रश्न आला: एक्सबॉक्स हे गेम खेळायचं यंत्र, म्हणजे कन्सोल, विकून कंपनीला किती सुटतात? उत्तर होतं, काही नाही. आजवर एकाही यंत्रावर नाही.

मग दुकान चालतं कशावर? टोलनाक्यावर. कन्सोलच्या ऑनलाइन दुकानातून गेम विकला गेला की साधारण ३० टक्के कन्सोलवाल्याचे. गाडी तुमची, पेट्रोल तुमचं, रस्ता आमचा. नाके तीन: सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो. आणि प्रत्येक नाक्यावरून जायला गाडीची बांधणीही थोडी बदलून आणायची. गेम बनवणाऱ्यांच्या बहुतेक डोकेदुख्या इथूनच सुरू होतात.

मालकाविना माल

सुरुवातीला नाका नव्हताच. १९७९ साली अटारी या कन्सोल कंपनीचे काही नाराज प्रोग्रामर बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. धंदा काय, तर अटारीच्याच यंत्रासाठी गेम बनवून विकायचे! अटारीनं कोर्टात खेचलं, पण शेवटी रॉयल्टी घेऊन तडजोड झाली. मग जो उठला तो गेम बनवू लागला, दुकानं सुमार मालानं तुंबली आणि १९८३ मध्ये अमेरिकेतला हा बाजार धाडकन कोसळला.

पाचच हं!

निन्टेन्डोनं यातून नेमका धडा घेतला. १९८५ साली अमेरिकेत आणलेल्या यंत्रात त्यांनी कुलूप म्हणून एक चिप बसवली. परवानगी नसलेलं काडतूस, म्हणजे कार्ट्रिज, चालणारच नाही. शिवाय अटी: एका कंपनीनं वर्षाला पाचच गेम काढायचे, काडतुसं निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायची, पैसे आगाऊ मोजायचे. गेम दुकानात पडून राहिला तर नुकसान बनवणाऱ्याचं. निन्टेन्डोचा गल्ला आधीच भरलेला.

पळवाटा अर्थातच निघाल्या. कोनामीनं अमेरिकेत ‘अल्ट्रा गेम्स’ या नावानं दुसरी पाटी लावली. आता पाचाचे दहा! ‘टीनेज म्युटंट निन्जा टर्टल्स’चा १९८९ मधला गाजलेला गेम याच पाटीखाली निघाला. अटारी गेम्सचा प्रताप याहून मोठा. खटल्यासाठी हवंय असं सांगून त्यांच्या वकिलांनी थेट अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून कुलपाच्या चिपचा प्रोग्राम मिळवला, आणि कंपनीनं त्यावरून किल्ली घडवली. सरकारी कचेरीतून किल्ली काढणारे चोर तसे विरळाच. कोर्टाला मात्र त्यात कौतुकासारखं काही दिसलं नाही.

दोन सीडी, एक काडतूस

नव्वदच्या दशकात सोनीनं प्लेस्टेशनसाठी सीडी निवडली, निन्टेन्डोचा ‘निन्टेन्डो ६४’ हा कन्सोल काडतुसालाच चिकटून राहिला. सीडी छापायला स्वस्त, पुन्हा मागणी आली तर पटकन छापून मिळणारी, आणि जागा भरपूर. काडतूस महाग आणि अरुंद. तोवर निन्टेन्डोच्या घरात वाढलेली ‘फायनल फँटसी’ १९९७ मध्ये सातव्या भागाच्या तीन सीडी घेऊन सोनीकडे नांदायला गेली, ती याच हिशेबापायी.

पण काही माणसं हट्टी असतात. ‘रेसिडेंट एव्हिल २’ प्लेस्टेशनवर दोन सीडींवर होता. १९९९ साली अँजेल स्टुडिओजच्या चिमुकल्या चमूनं तोच गेम व्हिडिओंसकट ६४ मेगाबाइटच्या काडतुसात कोंबला. खर्च सुमारे १० लाख डॉलर. गेम एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याच्या कामाला पोर्टिंग म्हणतात. या कामात वाहवा क्वचितच मिळते, कारण ते जितकं चांगलं होतं तितकं कुणाच्या लक्षात येत नाही.

वाईट झालेलं मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतं. १९९५ मध्ये ‘डूम’ हा गेम थ्रीडीओ या कन्सोलवर नेण्याचं काम रिबेका हाइनमन यांच्याकडे आलं. हातात दहा आठवडे. हक्क विकत घेणाऱ्या आर्ट डेटा या कंपनीचा मालक आधीच नव्या हत्यारांच्या आणि नव्या टप्प्यांच्या बाता मारून बसला होता. त्याचा असा समज, की बंदुकीचं चित्र काढून दिलं की ती गेममध्ये चालू लागते! वेळ इतका अपुरा, की संगीत वाजवणारा भाग लिहायलाही सवड नव्हती. मग मालकाच्या बँडनं गाणी नव्यानं वाजवून रेकॉर्ड करून दिली. गेम अडखळत चालतो, पडद्यावरची चौकट टीचभर, पण संगीत दणदणीत. आजही अनेकांना ‘डूम’चं हेच संगीत सगळ्यात आवडतं.

नको असलेलं गिऱ्हाईक

२००६ साली प्लेस्टेशन ३ आला तेव्हा आयसप्लाय या संस्थेनं तो उघडून आतल्या सुट्या भागांचा हिशेब मांडला. महागड्या मॉडेलचा खर्च निघाला सुमारे ८४० डॉलर. दुकानातली किंमत ५९९. म्हणजे प्रत्येक यंत्रामागे खिशाला भोक, आणि ते बुजवायचं गेमच्या विक्रीतून.

त्यातच त्यावर लिनक्स ही संगणकप्रणालीही चालायची. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधकांनी विचार केला, इतकी गणिती ताकद इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठे मिळणार? २०१० पर्यंत त्यांनी सतराशेहून जास्त प्लेस्टेशन एकमेकांना जोडून महासंगणक उभा केला. गेम किती घेतले? कशाला घेतील! त्याच वर्षी सोनीनं लिनक्सची सोय काढून टाकली. कारण सुरक्षेचं दिलं. आपण ते मान्य करू.

चूक सुधारा, ४०,००० डॉलर द्या

गेममध्ये चूक सापडली तर दुरुस्ती पाठवायची, एवढंच ना? एक्सबॉक्स ३६० च्या काळात ती आधी मायक्रोसॉफ्टकडून तपासून घ्यावी लागे. नामवंत गेमकार टिम शेफर यांनी २०१२ मध्ये त्याचा आकडा सांगितला: ४०,००० डॉलर. त्याच वर्षी ‘फेझ’ या गेमच्या दुरुस्तीतच एक दोष निघाला आणि मूठभर खेळाडूंचा साठवलेला खेळ बिघडू लागला. छोट्या स्टुडिओनं हिशेब केला आणि ती दुरुस्ती तशीच पुन्हा सोडली. दुसऱ्यांदा तपासणीचे पैसे भरणं परवडत नव्हतं. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टनं ही फी काढून टाकली.

थोरलं अडलं धाकट्यापायी

मायक्रोसॉफ्टच्या नव्या पिढीत दोन भावंडं आहेत, ताकदवान सीरिज एक्स आणि स्वस्त सीरिज एस. नियम असा की गेम दोन्हीवर सारखा चालला पाहिजे. २०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ला धाकट्यावर पडदा दोघांत विभागून खेळणं जमेना. गेम प्लेस्टेशन ५ वर सप्टेंबरात आला, एक्सबॉक्सवाले डिसेंबरपर्यंत ताटकळले. शेवटी धाकट्याला त्या सोयीतून सूट मिळाली.

मार्करनं केला घात

मोठे गेम बनवायला किती लागतात हे कंपन्या सहसा सांगत नाहीत. २०२३ च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात सोनीची कागदपत्रं आली. गुप्त आकड्यांवर काळा मार्कर फिरवलेला. स्कॅन केल्यावर शाईखालचे आकडे वाचता येत होते! ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ला सुमारे २२ कोटी डॉलर, ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला २१ कोटी २० लाख.

या आकड्यांच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे पुण्याचा नॉडिंग हेड्स गेम्स हा स्टुडिओ. ‘राजी’ या गेमसाठी त्यांनी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ती पुरी पडली नाही. गेम तरीही पूर्ण झाला. तो १८ ऑगस्ट २०२० ला आधी एकट्या निन्टेन्डो स्विचवर आला, बाकीच्या यंत्रांवर ऑक्टोबरात. त्या वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम छोट्या गेमसाठी त्याला नामांकनही मिळालं.