गच्चीवरची हिरवळ आणि ओल्या पेटीचे वजन

चैत्र-वैशाखात वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला छप्पर म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खालच्या खोलीत ऊष्मा ओतीत राहतो. आमच्या कामगार संघाच्या इमारतीत याच मजल्यावर निवृत्त कामगारांचा दवाखाना आहे. दुपारी तीन वाजता तेथे पंख्याखाली बसलेल्या दमेकऱ्याकडे पाहवत नाही. म्हणून गच्चीवर हिरवळ करावी असा ठराव झाला आणि ती कोणत्या पद्धतीची, हे ठरविण्याचे काम आमच्या गळ्यात पडले. आमचे शिक्षण रात्रशाळेतले. त्यामुळे लोकांना विचारण्याची लाज आम्ही फार पूर्वीच सोडली आहे. त्या विचारपुशीतून जे हाती लागले ते येथे मांडतो.

छपरावरची बाग आपल्याला अगदी अपरिचित नाही. मुंबईच्या मलबार हिलवरचे फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजे हँगिंग गार्डन, हे पाण्याच्या मोठ्या टाकीच्या छपरावरच केलेले आहे. अमेरिकेत डिअरबॉर्न येथे फोर्डचा रूज कारखाना आहे. तेथील पुलावर 26 मे 1937 रोजी वॉल्टर रॉयथर आणि त्यांच्या सोबत्यांना पत्रके वाटायला आले म्हणून बेदम मार बसला. आम्हां चळवळीतल्या माणसांना तो कारखाना त्यासाठीच ठाऊक. त्याच आवारात 2003 साली ट्रक जोडणीच्या नव्या इमारतीच्या छपरावर सुमारे दहा एकर हिरवळ पसरली. मात्र तिथे पातळ चटया अंथरल्या आहेत, आणि इमारतही तो भार धरूनच बांधलेली आहे. आपल्या गच्च्या तशा नाहीत.

उभ्या इमारतीसाठी दोन मार्ग उरतात. एक, सबंध गच्चीवर थरावर थर घालायचे: मुळे रोखणारा पडदा, पाणी वाहून नेणारा थर, माती अडवणारे कापड आणि वर माती. दुसरा, हे सगळे ज्यात बसवलेले आहे अशा प्लॅस्टिकच्या पेट्या शेजारी शेजारी मांडायच्या. विक्रेते तिला मॉड्यूल म्हणतात; आम्ही पेटीच म्हणू. सलग थरात मुळांना ऐसपैस जागा मिळते, माती लवकर वाळत नाही, झाड अधिक सुखी असते. पेटीत मुळे कोंडतात, कडा तापतात. तरी आम्ही पेटीच्या बाजूने झुकलो, कारण आपल्याकडे गच्ची कधी ना कधी गळणारच. गळती शोधायची तर चार पेट्या उचलून खाली पाहता येते. सलग बागेत कुदळ मारावी लागते, आणि ती कुदळ पडदाही फाडते.

पण उचलता येते म्हणजे कोणाला उचलता येते? आमच्याकडे तीन विक्रेते आले. तिघांच्याही पत्रकात पेटीचे वजन छापलेले होते, ते कोरड्या पेटीचे. आमच्यातला एक जुना माथाडी कामगार म्हणाला, "दादा, आषाढात उचलायची वेळ आली तर?" आम्ही नमुन्याची पेटी मागून घेतली: 50 सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद, 10 सेंटिमीटर खोल. तिच्यात 25 लिटर मावतात. बागेतली साधी माती भरून भिजवली, निथळू दिली आणि शेजारच्या भुसार दुकानातल्या काट्यावर ठेवली. 45 किलो! दुसऱ्या पेटीत विटांचा बारीक चुरा, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि थोडे कंपोस्ट घातले. ती ओली असता 30 किलोंच्या आसपास भरली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो आहे. पण ती कमाल मर्यादा आहे. जिन्यावरून ओल्या चपला घालून चढणाऱ्यासाठी नव्हे. 30 किलोंची पेटी दोघांनी धरली तर कंबर शाबूत राहते.

आता हेच वजन स्लॅबच्या बाजूने पाहू. चौरस मीटरला चार पेट्या बसतात. म्हणजे साध्या मातीचे 180 किलो, हलक्या मिश्रणाचे 120. भारतीय मानक 875, भाग 2 (1987) यात, माणसे वावरतात अशा सपाट गच्चीवर चौरस मीटरला सुमारे 150 किलो भार धरावा असे आहे. केवळ दुरुस्तीपुरते चढायचे असेल तर 75. एका विक्रेत्याने लगेच हिशेब केला: 150 तून 120 गेले, 30 शिल्लक! श्रोतेहो, हा हिशेब फसवा आहे. ते 150 किलो माणसांसाठी राखलेले आहेत. मातीने ती जागा घेतली तर झेंडावंदनाला जमणारी माणसे कोठे उभी राहायची? माती हा कायमचा भार आहे. तो वेगळा मोजावा लागतो आणि तो पेलेल की नाही हे बांधकाम इंजिनियरनेच लेखी सांगावे लागते. विक्रेत्याच्या तोंडी हमीला येथे काडीची किंमत नाही.

इंजिनियर आले, त्यांनी कोब्याला भोक पाडले, आणि एक गंमत बाहेर आली. गमतीपेक्षा संताप आणणारी. मागे एका कंत्राटदाराने गळती बंद करताना जुना ब्रिकबॅट कोबा न काढता त्यावरच दुसरा चढवला होता. चौरस मीटरला दीड-दोनशे किलोंचे ओझे आमच्या दवाखान्याच्या डोक्यावर कित्येक वर्षे होते, आणि त्याचे बिल आम्हीच सहीनिशी मंजूर केलेले! आधी दोन्ही कोबे निघाले, नवे हलके वॉटरप्रूफिंग झाले, दोन दिवस गच्चीवर पाणी कोंडून खालचे छत तपासले, आणि मगच पेट्यांचा विषय पुन्हा निघाला. इंजिनियरने तुळयांच्या रेषेत पेट्या मांडायला मान्यता दिली. मधला भाग मोकळा ठेवला.

पेटी निवडताना ती उलटी करून पाहावी. तळाला पाय असावेत, म्हणजे पाणी खालून वाहील. पण ते टोकदार नसावेत, आणि त्यांच्याखाली जाड संरक्षक कापड असावे. पन्हळीच्या तोंडाभोवती दीड फूट जागा उघडी सोडून तेथे गोटे पसरावेत. पत्रकातील सेडमची चित्रे देखणी असतात. ती थंड मुलखातली झाडे, आपल्या पावसाळ्यात त्यांतली बरीच कुजतात. आम्ही चिनी गुलाब, घोळ आणि कोरफड लावली. घोळीची भाजीही होते. पिंपळाचे रोप मात्र बोटभर असतानाच उपटावे. कावळे ते न मागता पेरून जातात.

राहिले पाणी. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर धरले, तर आमच्या 60 चौरस मीटरला अडीच-तीनशे लिटर होतात. टँकरच्या दिवसांत ते नळाचे घालणे आम्हांला पटले नाही. दवाखान्याच्या हात धुण्याच्या बेसिनचे पाणी एका टाकीत साठवून, गाळून वर चढविण्याची सोय केली आहे. तेथला साबण सौम्य ठेवावा लागतो. तो बदलल्यावरच चिनी गुलाब पुन्हा फुलू लागला. पाणी घालण्याची पाळी आठवड्याला एका सभासदाची. यंदाच्या वैशाखातला पहिला आठवडा आमचा आहे.