ओसरी आणि मागील अंगणाची वाट

कृष्णपुऱ्यातील जुन्या वाड्यांत वाढलेल्या वाचकांस चौकाभोवतीची ओसरी नव्याने सांगावयास नको. देवडीतून आत आलेला मनुष्य चौकात न उतरता छपराखालूनच माजघर व स्वयंपाकघरापर्यंत पोचत असे. नव्या बांधणीत जागा वाया जाते म्हणून पहिली कात्री हिलाच लागते. न्हाणी व संडास मागील अंगणात असले, म्हणजे मग तिची उणीव भासते. आमच्या घरी श्रावणातल्या एका रात्री आजी न्हाणीच्या वाटेवर घसरून पडली, ती पुढे काठीशिवाय चालली नाही. अंतर अवघे आठ पावलांचे! या आठ पावलांवर छप्पर कसे घालावे, याचा येथे विचार करू.

पहिला प्रश्न पावसाचा. झड 45 अंशांत आली, तर वळचण जितकी उंच तितके पाणी आत शिरते. 7 फुटी वळचणीखाली 4 फुटांची वाट सबंध भिजते. यास्तव वाऱ्याच्या बाजूस, म्हणजे आपल्याकडे नैऋत्येस व पश्चिमेस, भिंत किंवा जाफरी घ्यावी. उन्हाळ्यात पश्चिमेचे तिरपे ऊनही तीच अडविते.

दक्षिणेचे ऊन निराळे. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. त्यामुळे जूनअखेर मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि डिसेंबरअखेर दक्षिणेस सुमारे 44 अंशांवर. म्हणजे दक्षिणेकडे उघडी ओसरी उन्हाळ्यात दुपारी सावलीत राहते, व थंडीत ऊन सुमारे 7 फूट आत येते. वृद्धांस बसावयास याहून चांगली जागा नाही.

वाटेची जमीन अंगणाहून अर्धा फूट उंच असावी व तिला दर 5 फुटांस 1 इंच ढाळ बाहेरच्या अंगास द्यावा. फरशी गुळगुळीत नको, टाकीची खडबडीत हवी. रुंदी 4 फूट ठेविल्यास आधार देणारा माणूस बरोबरीने चालू शकतो. टोकास पायरीऐवजी उतार बरा. लाकडी खांब मातीत न पुरता, जुन्या वाड्यांतल्याप्रमाणे दगडी तळखड्यावर उभे करावेत, म्हणजे ओल व वाळवी यांपासून बचाव होतो. छपराचे वरचे टोक घराच्या वळचणीखाली सरकवावे व पागोळ्यांचे पाणी पन्हळीने मोरीत सोडावे.

आणखी एक सावधगिरी. आपल्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. 1984 सालच्या आगीत त्याची मोठी हानी झाली. सलग लाकडी छप्पर एका खोलीची आग दुसरीत नेते. म्हणून स्वयंपाकघराकडील काही फूट लाकूड न वापरता लोखंडी कैच्यांवर पत्रा घालावा. दिव्याची बटणे दोन्ही टोकांस हवीत.

ज्यांच्या घरी वृद्ध मंडळी आहेत, त्यांनी येत्या मृगापूर्वी ही वाट एकदा मोजून पाहावी.