गाळ पुरला म्हणून जबाबदारी संपत नाही

क्रोम प्लेटिंगचा धंदा करणाऱ्या छोट्या कारखान्यांत टाकीच्या तळाशी गाळ साचतो. तो मागच्या मोकळ्या जागेत पुरायचा आणि वर चुना टाकायचा, अशी अनेकांची जुनी सवय. काम स्वस्तात झाले असे वाटते. पण विष तिथेच राहते.

टाकीतला क्रोम सहा-संयुजी असतो. तो पाण्यात सहज विरघळतो आणि कर्करोगाला कारण ठरतो. नुसत्या चुन्याने तो तळाशी बसत नाही. पावसाबरोबर जमिनीत झिरपतो. कानपूर देहातमधील राणिया येथे १९७६ पासून टाकलेल्या क्रोमच्या कचऱ्याने तेथील भूजल दूषित झाले.

म्हणून प्रक्रियेचा क्रम महत्त्वाचा. आधी आम्ल घालून पाण्याचा सामू २ ते ३ वर आणावा आणि सोडियम मेटाबायसल्फाइट टाकावे. पिवळे पाणी हिरवे झाले की क्रोम तीन-संयुजी, म्हणजे बराच सौम्य झाला. त्यानंतर चुना घालून सामू ८ ते ९ वर न्यावा. आता गाळ खाली बसतो. तो दाबून पाणी काढावे. सायनाइडची टाकी मात्र कायम वेगळी ठेवावी. त्यात आम्ल मिसळले तर प्राणघातक वायू निघतो.

हा गाळही साध्या कचऱ्यात टाकता येत नाही. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार तो परवानाधारक केंद्रातच द्यावा लागतो. महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव व बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत. तेथे गाळ तपासतात, गरजेप्रमाणे सिमेंट किंवा चुन्यात बांधतात आणि त्यातून विष पाझरत नाही याची खात्री झाल्यावरच अस्तर घातलेल्या खड्ड्यात ठेवतात.

कारखानदारांनी एवढे सांभाळावे : प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र घ्यावे. गाळ छपराखाली, पक्क्या फरशीवर, चिठ्ठी लावलेल्या पिंपात ठेवावा. साधारणपणे ९० दिवसांहून अधिक साठवू नये. गाडी भरताना वाहतुकीच्या कागदाची प्रत जपून ठेवावी आणि वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत भरावे. गाळ थोडा असेल तर शेजारच्या चार कारखान्यांनी केंद्राशी एकत्र बोलणी करावी. वाहतुकीचा खर्च वाटला जातो.

खर्च आहे, हे खरे. पण गाळाने नुकसान झाले तर भरपाई कायद्याने कारखानदाराकडूनच वसूल होते. शिवाय त्या विहिरीचे पाणी बहुधा आपल्याच कारागिरांची मुले पीत असतात.