झेंडू कोण उचलतंय?

दसऱ्याच्या आदल्या पहाटे दादरच्या फूलबाजारात उभं राहून तुम्ही ओरडलात, "पाचशे किलो झेंडू पाहिजे!" काय होईल? पहिले पन्नास किलो जुन्या भावानं मिळतील, मग भाव तुमच्या डोळ्यांदेखत चढेल. मुरलेलं गिऱ्हाईक दहा पोरं दहा गाळ्यांवर पाठवतं आणि स्वतः चहा पीत बसतं.

शेअर बाजारात म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी संस्था रोज हेच करतात! शंभर कोटींच्या खरेदीचे संगणक शेकडो तुकडे करतो आणि सव्वानऊ ते साडेतीन एकेक सोडत राहतो. शिवाय ऑर्डरचा छोटासा भाग दाखवून बाकीचा झाकायचीही सोय आहे. तिला 'आइसबर्ग' म्हणतात.

पण झाकलेलं झाकून राहतंय कुठं! बरीचशी उलाढाल सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्यांची असते. एखाद्या दिवशी डिलिव्हरीचा, म्हणजे त्याच दिवशी परत न विकता खरोखर हात बदललेल्या शेअर्सचा, आकडा अचानक फुगला आणि भाव मात्र जागचा फारसा हलला नाही, की जाणकार कान टवकारतात : कुणीतरी माल घरी नेतंय. कंपनीच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअर्स एकाच गिऱ्हाइकानं दिवसात घेतले किंवा विकले, तर ती 'बल्क डील'. त्याचं नाव त्याच दिवशी जाहीर!

त्याहून अजब गोष्ट अल्बर्ट काइल या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं 1985 मध्ये गणितानं मांडली. गुपित ठाऊक असलेला माणूस गर्दीत मिसळून कितीही बेतानं खरेदी करो, ती खरेदीच त्याचं गुपित थोडं थोडं भावात उतरवत जाते. म्हणजे चोर चालतो आणि त्याचीच पावलं बोलतात.

मग उद्याचा भाव कळतो? ऑक्टोबर 2024 आठवा. परदेशी संस्थांनी निव्वळ सुमारे 94 हजार कोटींचे शेअर्स विकले, तर देशी संस्थांनी एक लाख कोटींहून जास्त घेतले. दोन्हीकडे तज्ज्ञांची फौज, आणि बाजाराचा निर्देशांक निफ्टी सुमारे सहा टक्के खाली! का? माझ्या मते भाव हलवतो तो घाईतला माणूस, आणि त्या महिन्यात घाई विकणाऱ्यांना होती. निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या इंडेक्स फंडाला तर स्वतःचं मतच नसतं. निफ्टीत नवी कंपनी आली, की ती घेणं त्याला भागच. तिथं पाऊल दिसतं, पण त्यामागे इरादा नसतो.

डिलिव्हरी, बल्क डील, संस्थांची खरेदी-विक्री हे आकडे राष्ट्रीय शेअर बाजाराच्या (एनएसई) संकेतस्थळावर बाजाराच्या दिवशी संध्याकाळी फुकट मिळतात. आज चाळून बघा, पण घाई करू नका.