खेळाचें मैदान : माती, गवत आणि प्लास्टिक

इंग्रजी भाषेंत टर्फ हा शब्द फार जुना आहे. मुळांसकट मातीचा थर धरून वाढलेलें गवत, म्हणजे ज्याला आपण हिरवळ म्हणतों तें, असा त्याचा मूळ अर्थ. आपल्या जिल्ह्यांतील मुलांच्या तोंडीं मात्र आज तोच शब्द नेमक्या उलट अर्थानें रूढ झाला आहे. ‘टर्फवर खेळायला जातों’ असें एखादा मुलगा घरीं सांगतो, तेव्हां जेथें माती नाहीं, मूळ नाहीं आणि गवताचें एक पातेंही जिवंत नाहीं, अशा जाळीनें वेढलेल्या जागेकडे तो निघालेला असतो. शब्दांचे अर्थ पालटतात, त्यांत नवल नाहीं. परंतु या शब्दाबरोबर खेळाच्या जागेचा खर्च आणि तिच्यावर पाऊल ठेवण्याचा हक्क यांचाही अर्थ पालटूं लागला आहे, आणि ही गोष्ट विद्यार्थी व त्यांचे आईबाप या दोघांनींही नीट समजून घेण्यासारखी आहे.

शाळेच्या मैदानावर कृत्रिम हिरवळ अंथरावी काय, असा प्रश्न अलीकडे ठिकठिकाणीं निघतो. ज्यांचीं मुलें जिल्ह्याच्या व विभागाच्या सामन्यांस जातात, ते म्हणतात कीं, दगडगोट्यांवर सराव करणाऱ्या मुलांनीं शहरांतील संघांशीं बरोबरी कशी करावी? दुसरे म्हणतात, संध्याकाळीं सारा गांव जेथें खेळतो, तेथें एकदां ही महाग वस्तु आली कीं फाटकाला कुलूप लागेल. दोन्ही पक्षांस मुलांचें हितच हवें आहे. म्हणूनच या वादांत आवाज चढविण्यापूर्वीं ती वस्तु आहे तरी काय, हें पाहिलें पाहिजे.

कृत्रिम हिरवळीचा पहिला मोठा प्रयोग झाला तो एका शाळेंतच. अमेरिकेंतील प्रॉव्हिडन्स शहरीं क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांनीं चालविलेली मोझेस ब्राऊन नांवाची शाळा आहे. तेथें १९६४ सालीं ती प्रथम घालण्यांत आली. ज्या शहरांत मुलांना मोकळी जमीन मिळत नाहीं, तेथें बारमाही खेळतां यावें, असा त्यामागील हेतु होता व तो चांगलाच होता. पुढें ह्यूस्टन येथें १९६५ मध्यें एक अवाढव्य छपराचें क्रीडागृह उघडलें. छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या तिरिपीनें चेंडू दिसेना, म्हणून तावदानें रंगविलीं. ऊन बंद झालें आणि आंतील खरें गवत मेलें. तेव्हां १९६६ मध्यें तेथें प्लास्टिकचें गवत आणलें, व त्या क्रीडागृहाच्या नांवावरून सर्व जगांत तें ‘ॲस्ट्रोटर्फ’ म्हणून प्रसिद्धीस आलें.

आजची अशी जागा तयार करतांना खालीं खडीचे थर दाबून पाण्याचा निचरा करतात. त्यावर गालिच्यासारखें कापड पसरतात. त्याचीं पातीं पॉलिएथिलीन नांवाच्या प्लास्टिकचीं असतात. पातीं उभीं राहावीं व पडणाऱ्यास मऊ लागावें म्हणून त्यांत वाळू आणि रबराचे काळे कण भरतात. हे कण बहुधा मोटारींच्या जुन्या टायरांचा चुरा असतो. फुटबॉलच्या पूर्ण मैदानास असें पांघरूण घालूं म्हटल्यास खर्च कोटीच्या घरांत जातो, आणि आठदहा वर्षांत तें झिजून पुन्हा बदलावें लागतें. पावसाबरोबर व खेळाडूंच्या बुटांबरोबर ते रबराचे कण ओढ्यानाल्यांत जातात. युरोपीय संघानें २०२३ मध्यें अशा कणांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा नियम केला व मैदानांस त्यासाठीं आठ वर्षांची मुदत दिली. आपला नाला पैनगंगेस मिळतो, हें देऊळघाटच्या मुलांस वेगळें सांगावयास नको.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९७५ मध्यें क्वालालंपूर येथें भारताच्या हॉकी संघानें गवतावर विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षीं मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्यें हॉकी प्रथमच कृत्रिम पृष्ठभागावर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर गेला. या पराभवाचें सर्व खापर प्लास्टिकवर फोडणें बरोबर नाहीं. पण चेंडू अधिक वेगानें व सरळ धांवूं लागल्यानें मनगटाच्या जुन्या कसबाचें मोल उतरलें, हें नाकारतां येत नाहीं. आपल्या कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव लाल मातींत घडलेले मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें त्यांस गादीवरची कुस्ती नवखी होती, तरी ते सहावे आले. ती रीत आत्मसात करून १९५२ मध्यें हेलसिंकी येथें त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्यांत आजही माती आणि गादी असे दोन विभाग ठेवतात, म्हणजे त्या प्रश्नाचा निकाल आपल्याकडील जाणत्या मल्लांनींही एका बाजूनें लावलेला नाहीं. कबड्डी व खो-खो हे तर अंगणांतले खेळ. परंतु २०१४ मध्यें सुरू झालेली प्रो कबड्डी मॅटवर खेळली जाते, आणि जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस झालेली खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धाही मॅटवरच झाली. तींत भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले. प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच. तेव्हां ज्या मुलीस पुढें जावयाचें आहे, तिनें मॅट कधींच पाहूं नये असें म्हणणें म्हणजे तिची वाट अडविणें होय.

येथें थोडें गणित करावें. कबड्डीचें पुरुषांचें क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १३० चौरस मीटर. खो-खोचें २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद, म्हणजे ४३२. फुटबॉलचें मैदान १०० मीटर लांब व ६४ मीटर रुंद धरलें तर ६,४०० चौरस मीटर होतें. जे दोन खेळ आपलीं मुलें खरोखर खेळतात, त्यांतील कबड्डीस त्या मोठ्या मैदानाच्या सुमारें पन्नासाव्या हिश्शाएवढें पांघरूण पुरतें, आणि तें तुकड्यातुकड्यांचें असल्यामुळें सरावापुरतें अंथरून पुन्हा खोलींत रचून ठेवतां येतें. मॅट हवी, या खऱ्या गरजेपासून सबंध मैदान झांकावें, या मागणीपर्यंत जी उडी मारली जाते, ती मला या हिशेबांत कोठेंच बसतांना दिसत नाहीं.

आतां आपल्या जमिनीकडे पाहूं. वऱ्हाडची काळी माती कपाशीस चांगली, खेळास वाईट. पावसाळ्यांत ती पायांस चिकटते आणि उन्हाळ्यांत तिला अशा भेगा पडतात कीं, त्यांत चेंडू अडकावा. म्हणून आपल्याकडे मैदानावर मुरूम टाकण्याची रीत आहे. मुरूम नीट दाबला नाहीं तर तो गुडघे सोलतो, आणि कोरडा पडला कीं धूळ उडते. बारमाही हिरवळीचें स्वप्नही येथें व्यर्थ आहे. ज्या भागांत मार्च लागला कीं पिण्याच्या पाण्याची काळजी सुरू होते, तेथें गवतास रोज पाणी कोण देणार? परंतु प्लास्टिकला पाणी लागत नाहीं हाही भ्रमच. हॉकीचें उत्तम प्रतीचें कृत्रिम मैदान सामन्यापूर्वीं हजारों लिटर पाण्यानें भिजवावें लागतें. त्याहून मोठी अडचण उन्हाची. जिवंत गवत पाण्याची वाफ सोडून स्वतःस थंड ठेवतें. प्लास्टिक व काळें रबर ऊन पिऊन घेतें. कडक उन्हांत अशा पृष्ठभागाचें तपमान ६० अंशांच्याही वर गेल्याचें मोजलेलें आहे. २०१५ मध्यें कॅनडांत झालेली महिलांची फुटबॉल विश्वचषक स्पर्धा कृत्रिम हिरवळीवर ठेवली, तेव्हां जगांतल्या नामांकित खेळाडूंनीं आधींच्या वर्षीं त्याविरुद्ध तक्रार नोंदविली होती. आणि त्या तर बूट घालून खेळणाऱ्या. आपल्या शाळेंतील कित्येक मुलें अनवाणी खेळतात.

धुळीचा प्रश्न केवळ गरीब गांवाचा आहे असें कोणीं समजूं नये. मुंबईस दादरचें शिवाजी पार्क १९२५ मध्यें लोकांस खुलें झालें. त्यावर कोणीही यावें व खेळावें, अशी त्याची ख्याति. त्या मैदानावर टाकलेल्या लाल मातीच्या धुळीनें भोंवतालच्या रहिवाशांस श्वासाचा त्रास होतो, म्हणून वर्षानुवर्षें वाद चालला. पाणी शिंपडणें झालें, गवत लावणें झालें, माती काढा अशी मागणी झाली. एवढा वाद होऊनही तें जाळी घालून तासाच्या भाड्यानें द्यावें, असें मात्र तेथील लोकांनीं म्हटलें नाहीं. वादाचें मूळ खरोखर येथें आहे. मैदानावर काय अंथरलें, यावर मैदानावर कोण येईल हें ठरतें.

मुंबईच्याच इतिहासांत याचें एक ठळक उदाहरण आहे. १८७५ मध्यें बाँबे जिमखाना स्थापन झाला व युरोपियनांस क्रिकेटसाठीं स्वतःचें राखीव मैदान मिळालें. पारशी व हिंदू मुलें शेजारच्या परेडच्या सार्वजनिक मैदानावर खेळत. परंतु जिमखान्याचे सभासद पोलो खेळण्यास त्याच सार्वजनिक मैदानावर येत. त्यांच्या तट्टांच्या टापांनीं जमीन उखणली जाई आणि मग दुसऱ्या दिवशीं चेंडू कसा उसळेल याचा नेम नसे. आपली हिरवळ जपावयाची आणि दुसऱ्यांची तुडवावयाची, असा तो प्रकार होता. अर्ज गेले, उत्तरें आलीं, वर्षें लोटलीं. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनीं या झगड्याची हकीकत लिहून १८९७ मध्यें पुस्तकरूपानें छापली. शेवटीं समुद्रकांठीं पारशी, मुसलमान व हिंदू यांस वेगवेगळ्या जिमखान्यांसाठीं जागा मिळाल्या. १८८९ मध्यें पारशांनीं बाँबे जिमखान्याच्या संघास हरविलेंही. पण एक मैदान वांटून खेळतां आलें नाहीं, म्हणून मैदानेंच धर्मवार वांटलीं गेलीं, हें त्यांत घडलें. पुढें १९३७ पासून पंचरंगी सामने सुरू झाले, तेव्हां ख्रिस्ती, ज्यू वगैरे मंडळींस ‘इतर’ या नांवाच्या संघांत बसविलें. सांगलीच्या ख्रिस्ती घराण्यांतील विजय हजारे यांनीं १९४३ च्या अंतिम सामन्यांत संघाच्या ३८७ धांवांपैकीं ३०९ एकट्यानें काढल्या त्या या ‘इतरां’साठीं. धर्मवार संघांचे ते सामने १९४६ नंतर बंद झाले.

दुसरें उदाहरण पुण्याचें. १८९० च्या सुमारास तेथील युरोपियनांच्या क्लबांत पळवणकर बाळू नांवाचा चर्मकार समाजांतील तरुण रोलर फिरवी, खेळपट्टी आंखी, जाळ्या बांधी आणि साहेबांस सरावासाठीं गोलंदाजी करी. ती हिरवळ त्याच्या हाताखालची. पण पुढें तो हिंदूंच्या संघांतून खेळूं लागल्यावरही चहा त्याला बाहेर, मातीच्या भांड्यांत मिळे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत याच बाळूनें शंभराहून अधिक गडी बाद केले. गवत राखणाऱ्यास मैदान परकें असूं शकतें, ही गोष्ट आपल्या इतिहासांत अशी घडून गेलेली आहे.

आज तशी पाटी कोणी लावीत नाहीं. तिच्या जागीं दरपत्रक आहे. भाड्याच्या टर्फवर दहाबारा मुलें वर्गणी करून तासभर खेळतात, विजेचे दिवे असतात, वेळेवर शिट्टी होते. त्यांत वाईट कांहीं नाहीं, व ज्यांस परवडतें त्यांनीं खुशाल जावें. पण शाळेनें कोटीचा खर्च केला तर तो भरून काढण्यासाठीं शाळेसही तेंच करावें लागेल, आणि मग वर्गणी न देऊं शकणारा मुलगा ज्या शाळेंत सकाळीं शिकतो, तिच्याच कुंपणाबाहेर संध्याकाळीं उभा राहील. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेस मैदान असलेंच पाहिजे असें ठरविलें आहे. मार्च २०२३ मध्यें हरियाणांतील एका गांवच्या शाळेच्या मैदानावरील अतिक्रमणाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें मैदानावांचून शाळा असूं शकत नाहीं, असा निर्णय देऊन अतिक्रमण करणाऱ्यांस ती जागा पैसे घेऊनही देण्यास नकार दिला.

माझें मत असें कीं, मोठें मैदान मातीचेंच राहूं द्यावें, पण तें आजच्यासारखें राहूं देऊं नये. मधला भाग किंचित् उंच धरून कडांस उतार द्यावा व चर खणावेत, म्हणजे पाणी सांचणार नाहीं. पावसाळ्यांत कडेनें हरळी आपोआप धरते; ती गुरांपासून तीन महिने जपली तरी धूळ पुष्कळ कमी होईल. कबड्डीपुरती मॅट घ्यावी आणि ती प्रथम मुलींच्या सरावास द्यावी, कारण सध्यां मैदानाचा सर्वांत कमी वांटा त्यांच्या पदरीं पडतो. संध्याकाळचे तास गांवच्या मुलांसाठीं उघडे असावेत. मात्र कोणत्या दिवशीं कोणीं खेळावें याचें पत्रक फाटकावर लावावें, आणि ज्यांची पाळी असेल त्यांनींच खेळ संपल्यावर रेघा पुसून, दगड वेंचून जावें. बाहेरच्या लग्नकार्यांस मैदान देणें बंद करावें. मंडपाच्या खुंट्यांनीं पडलेले खड्डे वर्षभर बुजत नाहींत.

मुरुमाच्या डागडुजीचें काम दसऱ्याच्या सुमारास, जमिनींत ओल आहे तोंच झालें पाहिजे. नंतर दाबलेला मुरूम धरत नाहीं. ज्या पालकांपाशीं ट्रॅक्टर आहे त्यांनीं दोन खेपा आणून दिल्या व वरच्या वर्गांतील मुलांनीं रोलर ओढला, तर नाताळाच्या सुट्टीआधींच्या सामन्यांस मैदान तयार होईल. खेपांची यादी शाळेच्या कचेरींत ठेवलेली आहे.