मावशीच्या पाठीचा सवाल

मुंबई-पुण्यात आजारी म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेला ब्युरोमार्फत 'मावशी' येते. बहुधा ती आपल्याच वस्तीतली. पाळी बारा तासांची. सेवेला दर्जा हवा, सुरक्षा हवी, असे घरमालक म्हणतात. आम्हीही तेच म्हणतो. पण सुरक्षा कुणाची? रुग्णाला उचलून पाठ तिची जाते. वापरलेली सुई टोचली तर हिपॅटायटिस-बीचा धोका तिलाच.

बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४६ साली, कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. तो न्याय घराच्या उंबरठ्यावरच का अडतो? २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. नुसत्या मंडळाने भागत नाही. ब्युरोची नोंदणी, आठ तासांची पाळी, प्रशिक्षण, लस आणि हातमोजे हवेतच. थकलेल्या हातांकडून दर्जा मागणे हा ढोंगीपणा आहे. वस्त्यावस्त्यांतील मावश्यांनो, संघटित व्हा!